काजलच्या फोटोतल्या वेण्या

आमच्या कॉलेजात मराठी शिकवणारे सर एका दिवाळी अंकाचं काम पाहतात. त्यांनी मला वर्गाबाहेर थांबवून सांगितलं, "तू फोटो स्टुडिओत काम करतोस ना, त्यावर लिही." मी हो म्हणालो आणि आठ दिवस एक ओळ लिहिली नाही. अशा अंकात कामाच्या आठवणी लिहितात ती माणसं त्या कामात म्हातारी झालेली असतात. माझी तीनच वर्षं झाली, तीही अर्ध्या दिवसाची. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. त्यामुळे चार पानं लिहून छापायला देणं म्हणजे दुसऱ्याच्या ओसरीवर न विचारता जाऊन बसल्यासारखं वाटतं. बसलो आहे, तर उठवू नये एवढंच म्हणतो. आणि हेही आधीच सांगतो, की यात माझी बाजू चांगली नाही.

मी कोंढ्याजवळच्या एका लहान गावचा. सकाळी एसटीनं भंडाऱ्याला कॉलेज, दुपारी परत येताना अड्याळला उतरायचं आणि गजाननभाऊंच्या स्टुडिओत दिवे लागेपर्यंत काम. रविवारी पूर्ण दिवस. लग्नाच्या हंगामात भाऊ स्वतः कॅमेरा घेऊन फिरतात. दुकान, कॉम्प्युटर आणि शाळांची कामं माझ्याकडे असतात.

बाहेरच्या माणसाला वाटतं, फोटो काढणं हे काम. ते सगळ्यात सोपं. खरं काम नंतर, कॉम्प्युटरवर. पूर्वी आमच्या स्टुडिओत खिळ्याला एक काळा कोट टांगलेला असे. त्याची पाठ मधोमध उसवलेली होती, म्हणजे बारीक, जाड, कोणालाही समोरून बसावा. माझा दहावीचा फोटो त्याच कोटात आहे. मायनं तो देवाच्या फळीशेजारी लावला आहे. आता कोट लागत नाही. कॉम्प्युटरमध्ये 'ड्रेस' नावाचा फोल्डर आहे. त्यात कोट आहेत, टाय आहेत, शाळांचे गणवेश आहेत, नऊवारी आहे. गिऱ्हाईक बनियनवर बसलं तरी चालतं. मान कापायची आणि कोटावर बसवायची. कठीण असतो तो गळा. चेहऱ्यावर उजेड डावीकडून आणि कोटावर उजवीकडून असेल, तर फोटोत काहीतरी खोटं आहे हे लहान पोरालाही कळतं, फक्त काय ते सांगता येत नाही. गळा जुळवायला मी तीन महिन्यांत शिकलो. भाऊ म्हणाले, "तुह्या हाताले सफाई हाये बा." तेव्हा मला परीक्षेत पहिला आल्यासारखं झालं होतं.

लोक स्वतःच खोटं मागायला येतात, हे मला इथे कळलं. एक बाई मतदान कार्डावरचा आईचा फोटो घेऊन आल्या होत्या. आई जाऊन वर्ष झालेलं. म्हणाल्या, "लुगडं हिरवं कर भाऊ, नवं दिसलं पायजे. माह्या मायनं जलमभर बहिणीचं जुनं नेसलं." मी दोन दिवस लावून काठ काढला. फोटो हातात घेऊन त्या दुकानाच्या बाकावरच बसून राहिल्या. दुसरा एक मुलगा लग्नाच्या परिचयपत्रासाठी आला. रंग उजळ कर, गालावरचा मस काढ, केस दाट कर. सगळं केलं. महिन्याभरानं तो चिडून परत आला. मुलीकडची माणसं घरी आली होती आणि मुलीच्या मामानं सगळ्यांसमोर त्यालाच विचारलं होतं, "नवरदेव कुठं गेला जी?" भाऊ हसून हसून खुर्चीतून पडायचे बाकी होते. मीही हसलो. तोवर मला वाटायचं, फोटोत केलेल्या बदलाचं फार तर हसू होतं, नाहीतर भलं होतं.

माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी जवळच्या एका गावातल्या हायस्कूलचं काम आलं. शाळा दरवर्षी वार्षिकांक काढते, त्यात दहावीच्या प्रत्येक मुलाचा फोटो आणि खाली नाव. काम समजून घ्यायला भाऊंनी मला पालकसभेच्या दिवशी पाठवलं. मी मागच्या भिंतीला टेकून उभा होतो. शिस्तीचं पाहणाऱ्या सरांनी फोटोचे नियम वाचले. मुलांची कटिंग साधी, कानात बाळी नको, हातात कडं नको. मुलींच्या दोन वेण्या, लाल रिबीन.

"सर," एक वडील बसल्या जागेवरून म्हणाले, "साधी कटिंग करते असा न्हावी सांगा नं मंग. आमच्या गावचा पोट्टा तं मोबाइल पाहूनच कापते."

हशा झाला. तेवढ्यात पालकांसोबत सभेला बसलेल्या मुलींच्या रांगेतून एक मुलगी उठली. बारीक, काळीसावळी, केस मुलासारखे आखूड.

"सर, माहे केस चार बोटं हायेत. वेणी कायची घालू?"

आणखी हशा. सर म्हणाले, "मग वाढवायचे होते. कापले कशाला?"

"मले असेच आवडते."

ती काजल. तिचं घर तलावाच्या काठी. वडील मासे धरतात आणि हंगामात सगळं घर पाण्यात उतरून शिंगाडे काढतं. दिवसभर ओल्या राहणाऱ्या केसांनी सर्दी होते म्हणून कापले, असं ती म्हणाली असती तर सभेनं मान डोलावून विषय संपवला असता. वर्गशिक्षिका हळूच म्हणाल्यासुद्धा, "अगं, पाण्यात जावं लागतं म्हणून ना?" काजल म्हणाली, "नाही मॅडम. पान्यात तं माही मायही जाते, तिचे केस लांब हायेत."

एक बाई म्हणाल्या, "पोट्टी हाये का पोट्टा, फोटोत समजलं पायजे का नाही?"

"काकू, खाली नाव राहते न लिहून."

वर्गशिक्षिकांनी मग जे सांगितलं ते मला अजूनही खोटं वाटत नाही. त्या म्हणाल्या, की गणवेशात, एकसारख्या केसांत सगळी मुलं सारखी दिसतात. कोणाच्या घरी काय आहे आणि काय नाही, ते फोटोत येत नाही. मला माझा उसवलेल्या पाठीचा कोट आठवला. त्या कोटानं माझ्या शर्टाची कॉलर झाकली होती आणि त्याबद्दल मी कोटाचा ऋणीच होतो. त्यामुळे मी मनात वर्गशिक्षिकांच्या बाजूनं होतो.

तेव्हा काजलचे वडील, श्रावणकाका, उभे राहिले. हातात टोपी. सभेत बोलायची सवय नसलेला माणूस.

"मॅडम, एकच इचारतो. हा फोटो कोनाचा राहणार हाये? शाळेचा का पोट्टीचा?"

समोर बसलेल्या मुख्याध्यापिकांनी वर्गशिक्षिकांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "फोटो मुलांचाच आहे." दोन दिवसांनी दहावीच्या मुलांनी सह्या करून अर्ज दिला. अक्षर काजलचं होतं. मुख्याध्यापिकांनी त्यावर लिहून दिलं, की गणवेश सगळ्यांना, बाकी ज्याचं त्यानं ठरवावं.

फोटोच्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात निळा कपडा टांगून मी स्टूल मांडलं. एवढं मजेचं काम मी आधी केलं नव्हतं आणि नंतरही नाही. एक मुलगा मामानं दिलेली बाळी घालून आला होता. एकानं केसांची एक बट तांबडी केली होती आणि तिच्यासाठी आईचा मार खाल्ला होता, हे तो सगळ्यांना अभिमानानं सांगत होता. रोशनी नावाची मुलगी मात्र दोन वेण्या घालूनच आली. म्हणाली, "मले वेण्याच आवडते." तिलाही कोणी अडवलं नाही. काजल तिच्याच बाकावर बसायची. तिची पाळी आली तेव्हा तिनं केस पाण्यानं मागे बसवले आणि विचारलं,

"दादा, हसू का?"

"तुयं तू ठरव."

ती हसली नाही. मी बटण दाबलं. "झालं," म्हटलं, तशी ती स्वतःशीच हसली आणि मी तेवढ्यात दुसरा घेतला. तो माझ्या हातून निघालेला सगळ्यात चांगला फोटो होता. मागच्या पडद्यावर आमच्या स्टुडिओतल्या दिव्यासारखा उजेड नव्हता, व्हरांड्यातला साधा सकाळचा होता. तो तिच्या कपाळावर सरळ पडला होता. केसांची सावली कुठेच नव्हती.

आठवड्यानं शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष दुकानात आले. छपाईच्या आधी पानं पाहायची होती. भाऊ खुर्ची पुसून उभे राहिले. मी एक-एक पान पडद्यावर दाखवत गेलो. अध्यक्ष काजलवर थांबले.

"हे काय होय?"

मी म्हणालो, "मॅडमनं परवानगी दिली आहे."

"मॅडम नोकरीवर हायेत. वार्षिकांक माह्या सहीनं निघते." ते रागावले नव्हते, समजावत होते. "उद्या आजूबाजूच्या गावचे लोक हे पाहतीन, म्हणतीन या शाळेत पोरी अशा होते. मंग पोरी पाठवतीन का? तू सांग."

उत्तर माझ्याजवळ होतं. पण शब्द जुळेपर्यंत ते पुढच्या पानावर गेले होते. बाळी काढ, बट काळी कर, कडं काढ. काजलला वेण्या लाव.

"मुलांना सांगू का?" मी विचारलं.

"सांगाचं काय त्याच्यात? चांगलेच दिसून राहिले नं." मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाले, "शिकतेस काय तू?"

"बी.ए. पहिलं वर्ष."

"बी.एड. कर. आपल्या शाळेत जागा निघतेच कधी ना कधी. ध्यानात ठेवतो तुले."

ते गेल्यावर भाऊ एवढंच म्हणाले, "कर बा. आपल्याले शाळा जपा लागते." भाऊंना दोष द्यायला मी हे लिहीत नाही. त्यांचं दुकान आहे. पण मला शिक्षक व्हायचं आहे हे मी तोवर कोणाला सांगितलं नव्हतं, घरीसुद्धा नाही, आणि त्या माणसानं ते सहज उचलून माझ्यासमोर ठेवलं. मी दोन दुपारी बसून सगळे फोटो दुरुस्त केले.

खोटं लिहायचं नसेल तर पुढचंही लिहायला हवं. ते करताना मला मजा आली. 'ड्रेस' फोल्डरमध्ये मुलींचे केस नव्हते, म्हणून मी रोशनीच्या वेण्या कापून घेतल्या. उजेड त्याच व्हरांड्यातला, त्याच सकाळचा. इतकं छान जुळलं, की मी भाऊंना बोलावून दाखवलं. कानाजवळचे बारीक केस मी एकेक करून काढले. भाऊ म्हणाले, "वा रे पठ्ठे." मी त्या वेळी काजलचा एकदाही विचार केला नाही, कपाळाच्या रेषेचा केला.

आमच्या दुकानाची एक पद्धत आहे. काम छपाईला गेलं, की कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं करायचं आणि कॉम्प्युटरमध्ये फक्त शेवटचे, तयार फोटो ठेवायचे. जागा कमी असते. मूळ फोटो ठेवायचा असेल तर वेगळ्या नावानं ठेवावा लागतो. मी त्याच नावावर बदल करत गेलो आणि मूळ फोटो पुसले गेले. कॉलेजच्या नोट्स असलेला पेनड्राइव्ह माझ्या खिशात होता. एक फोटो त्यात टाकायला किती वेळ लागला असता, हे मी नंतर पुष्कळदा मोजलं आहे.

स्नेहसंमेलनात वार्षिकांक वाटले गेले. बाळीवाल्या मुलाला आपल्या कानात काही नाही हे कळलंच नाही. बटवाल्याची आई तर दुकानात येऊन सांगून गेली, की पोरगा शहाण्यासारखा दिसतो. मला वाटलं, निभावलं. त्या रविवारी काजल सायकलनं आली. काउंटरवर अंक उघडला आणि बोट ठेवलं.

"दादा, हे कोन होय?"

मी काउंटरवरचे फोटो आवरू लागलो.

"ह्या रोशनीच्या वेण्या होय. तिच्या डाव्या रिबिनीची एक पाकळी मोठी राहते. हे पाहा." तिनं पान उलटून रोशनी दाखवली, मग परत स्वतःवर आली. "वर्गातले पोट्टे इचारून राहिले, रोशनीचं धड अन् तुही मुंडी काय म्हनून."

"अध्यक्ष साहेबांनी सांगितलं," मी म्हणालो.

"त्यायले माहीत होतं. मॅडमले माहीत होतं?"

"नाही."

"अन् तुमाले माहीत होतं."

ती रडली नाही, आवाजही चढवला नाही. तसं काही केलं असतं तर मला समजूत घालता आली असती. ती म्हणाली, "छापलं ते छापलं. मले तो पयलेचा द्या. हसली होती तो."

"मालकाच्या घरच्या कॉम्प्युटरवर असेल," मी म्हणालो. "पुढच्या रविवारी येजो."

भाऊंच्या घरी कॉम्प्युटरच नाही.

ती पुढच्या रविवारी आली. मी म्हणालो, भाऊ लग्नाच्या ऑर्डरवर आहेत. त्याच्या पुढच्या रविवारी आली, तेव्हा दुकानात गर्दी होती. ती बाकावर बसून राहिली. शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर उठली.

"नाही हाये न, दादा?"

"नाही."

"मंग पयलेच सांगाचं होतं. मी हर खेपेले काम टाकून येऊन राहिली."

मी घाईघाईनं म्हणालो, की बस, आताच नवा काढतो, तसाच, केस तसेच आहेत ना तुझे. मी पडदासुद्धा सरकवला. ती दारात उभी राहून माझ्याकडे पाहत होती. त्या नजरेत राग होता असं मी म्हणू शकत नाही. मी तिच्यापेक्षा लहान आहे असं मला त्या वेळी वाटलं.

"नवा कोनीही काढते," ती म्हणाली. "तो भांडून भेटला होता."

ती गेल्यावर मी कार्डातून पुसलेलं परत आणायची एक युक्ती मोबाइलवर पाहिली आणि अनेक दिवस करून पाहिली. कोणाच्या हळदीचे, कोणाच्या बारशाचे फोटो अर्धे-मुर्धे वर आले. एका फोटोत त्या व्हरांड्यातला निळा कपडा आणि रिकामं स्टूल आलं. बाकी काही नाही. तिच्या गावी जाऊन तिला हे सांगावं असं मला पुष्कळदा वाटलं. तिचं गाव सायकलनं अर्ध्या तासाचं आहे. मी गेलो नाही. अध्यक्ष साहेब नंतर दोनदा दुकानात आले. मी कोण, हे त्यांना आठवत नव्हतं. दुसऱ्या वेळी त्यांनी मला पुन्हा विचारलं, "शिकतेस काय तू?"

त्या शाळेचं काम पुढच्या वर्षीही मीच केलं, या वर्षीही. फोटोवरून आता सभेत वाद होत नाही. मुली वेण्या घालून येतात, मुलं बाळी घरी ठेवून येतात. त्यांना नियम कोणी वाचून दाखवत नाही. मोठ्या वर्गातल्यांचं त्यांनी पाहिलेलं आहे, की अर्ज करूनही फोटो शेवटी कसा येतो. शिस्तीचे सर मला म्हणाले, "तुझं काम किती हलकं झालं बघ." झालं आहे. आता मी मूळ फोटो वेगळ्या नावानं ठेवतो, पण त्यात आणि तयार फोटोत काही फरकच नसतो.

गेल्या महिन्यात श्रावणकाका दुकानात आले. मच्छीमार सोसायटीच्या ओळखपत्राला फोटो हवा होता. मला वाटलं ते ओळखणार नाहीत, पण त्यांनी ओळखलं. मी त्यांना बसवलं, दिवा लावला, कॉलर सरळ केली. फोटो निघाला. कागद छापून बाहेर येईपर्यंत दोन मिनिटं लागतात. त्या दोन मिनिटांत मी शेवटी विचारलं.

"काका, काजल काय करते आता?"

"बारावीत हाये, पवनीले. हुशार हाये पोट्टी." मग ते फोटोच्या मशीनकडे पाहत म्हणाले, "केस वाढवले तिनं."

"काहून?"

"का मालूम बा. मी इचारलं, तं सांगत नाही. खांद्याले लागते आता. दोन वेण्या घालून जाते." फोटो बाहेर आले. त्यांनी ते शर्टाच्या खिशात नीट ठेवले, दोन पावलं गेले आणि मग काहीतरी आठवल्यासारखे वळले. "हां, इकडं येऊन राहिलो म्हणलं तवा तिनं एक निरोप सांगतला. मले तं काही समजला नाही. म्हणे, फोटोवाल्या दादाले सांगजा, आता माहा फोटो जुळते."